सुवाच्य अक्षर : एक लोकसेवा

(महाड येथे शिक्षक, ग्रामपंचायत अधिकारी व पंचायत सदस्य यांच्यासमोर एका निवृत्त कलाशिक्षकाने केलेल्या भाषणाचा मजकूर.)



"कलेविषयी काहीतरी बोला" एवढेच संयोजकांनी सांगितले होते. कला हा विषय फार मोठा आहे. ३५ वर्षे खडू आणि फळा यांच्या संगतीत काढलेल्या माणसाने तो सगळा पेलण्याचा आव आणू नये. म्हणून त्यातला एक लहानसा, परंतु आपणा सर्वांच्या दैनंदिन कामाशी निगडित असलेला भाग मी निवडला आहे. तो भाग म्हणजे अक्षर. शाळेच्या फळ्यावरचे, पंचायतीच्या सूचनाफलकावरचे, अर्जाच्या नमुन्यावरचे आणि आता मोबाइलच्या पडद्यावरचे अक्षर.

या विषयाला निमित्त झाली माझी एक विद्यार्थिनी. पोलादपूर तालुक्यातील डोंगराच्या कुशीतल्या एका वाडीची ही मुलगी. वडील मुंबईत नोकरीला, आई आणि आजी गावी भात-नाचणी करणाऱ्या. आज ती मुंबईत डिझाइनचे, म्हणजे संकल्पनकलेचे शिक्षण घेत आहे. तिची आवड तीन गोष्टींची : सर्जनशील चित्रकला, टायपोग्राफी म्हणजे मुद्राक्षरांची रचना, आणि संकेतस्थळांची मांडणी. तिने हा मार्ग निवडला तेव्हा तिचे वडील माझ्याकडे आले आणि त्यांनी सरळ विचारले, "सर, अक्षरं काढून पोट भरतं का?" त्या वेळी मी दिलेले उत्तर मला स्वतःलाच पुरेसे वाटले नाही. आजचे भाषण हा त्या उत्तराचा राहिलेला भाग आहे.

एका यादीची गोष्ट

२२ जुलै २०२१ हा दिवस या सभागृहातील कोणीही विसरणार नाही. सावित्री आणि गांधारी यांच्या पुराने महाड शहर बुडाले, तळियेवर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली, पोलादपूर तालुक्यातही दरडींनी बळी घेतले. त्यानंतरच्या दिवसांत एका कार्यालयाच्या भिंतीवर मदतीसंबंधीची एक यादी लावलेली होती. यादी बरोबर होती आणि वेळेवर लागलेली होती. परंतु ती झेरॉक्सवरून काढलेली झेरॉक्स होती. अक्षर मुगाच्या दाण्याहून लहान, ओळींत ओळी अडकलेल्या, आणि कागद लावला होता डोक्याच्याही वर.

ही मुलगी त्या वेळी दहावीला होती. यादीपुढे उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्या बाईने तिला हाक मारली, "बाय, माजं नाव हाय का बग गं यात. मला वाचाया येतं, पन ह्ये दिसत न्हाय." मुलीने नाव शोधून दिले. मग दुसरे कोणी आले, मग तिसरे. ती संध्याकाळपर्यंत तेथे उभी राहून नावे वाचत होती. दुसऱ्या दिवशी तिने ती यादी मोठ्या अक्षरांत, वाड्यांप्रमाणे गट पाडून, चार कागदांवर स्वतः लिहून काढली आणि शेजारी लावली. त्यानंतर नाव वाचून दाखवण्यासाठी कोणी थांबवले नाही, असे तिने मला सांगितले.

मित्रहो, त्या वृद्धेचे वाक्य आपण सर्वांनी लक्षात ठेवावे. तिला वाचता येत होते. उतारवयापर्यंत जपलेली तिची साक्षरता एका वाईट कागदापुढे निरुपयोगी ठरली. साक्षर माणसाला पुन्हा निरक्षर करून टाकण्याचे सामर्थ्य दुर्वाच्य अक्षरात असते. एरवी ही गैरसोय म्हणून आपण सोडून देतो. पण पुराचा इशारा, स्थलांतराची जागा, मदतीची मुदत या गोष्टी जेव्हा अक्षरावर अवलंबून असतात, तेव्हा अक्षर हा जीवितवित्ताचा प्रश्न होतो.

आपल्या खोऱ्यातील अक्षरे

ही विद्या मुंबईची किंवा परदेशची, आपल्या डोंगराळ भागाला तिचे काय, असे कोणास वाटेल. वस्तुस्थिती वेगळी आहे. अक्षराचा संपूर्ण इतिहास शिकवायचा झाला, तर त्यासाठी महाड-पोलादपूरच्या बाहेर फारसे जावे लागणार नाही.

महाडजवळच्या गांधारपाले येथील लेण्यांत ब्राह्मी लिपीतील लेख आहेत. त्यांतील एकात कुमार काणभोज विष्णुपालित याचे नाव येते. कोणी काय दान दिले, याची ती नोंद आहे. कामाचा तपशील आणि देणाऱ्याचे नाव येणाऱ्या-जाणाऱ्यास दिसावे म्हणून दगडात कोरलेले आहे. आजच्या भाषेत सांगायचे तर तो सार्वजनिक कामाचा फलकच होय. रायगडावर जगदीश्वराच्या मंदिरात हिरोजी इंदुलकरांच्या बांधकामाचा संस्कृत शिलालेख आहे आणि पायरीवर त्यांच्या सेवेची वेगळी नोंद आहे. लेख कोठे असावा आणि तो कोणत्या उंचीवरून वाचला जावा, याचाही विचार त्या काळी होत असे, हे त्या पायरीवरून दिसते.

वरंध घाटाच्या पायथ्याची शिवथरघळ आपणास ठाऊकच आहे. दासबोधाचे लेखन येथे झाले अशी परंपरा आहे. त्या ग्रंथाच्या एकोणिसाव्या दशकातील पहिला समास केवळ लेखनक्रियेविषयी आहे. पाठांतर पुष्कळांनी केले असेल, पण मी शिक्षकांना विनंती करीन की तो एकदा कलाशिक्षकाच्या दृष्टीने वाचावा. अक्षर गोल, सरळ व मोकळे असावे. पहिल्या अक्षरापासून ग्रंथ संपेपर्यंत वळण एकसारखे राहावे. पान आधी शिशाने आखून घ्यावे. ओळींतील अंतर कमीजास्त होऊ नये. वरच्या ओळीचे अक्षर खालच्या ओळीला लागू नये. पानाच्या भोवती जागा सोडावी, म्हणजे कागदाची कड झिजली तरी अक्षराला धक्का लागणार नाही. तरुणपणी फार बारीक लिहिलेले म्हातारपणी उपयोगी पडत नाही, म्हणून मध्यम आकाराचे लिहावे. समर्थांचे हे नियम आजच्या कोणत्याही टायपोग्राफीच्या वर्गात पहिल्या सहामाहीत शिकवले जातात. ओळींतले अंतर, समास, अक्षराचा आकार आणि वाचणाऱ्याचे वय, या चारही गोष्टी त्यात आलेल्या आहेत.

पोलादपूरला कवींद्र परमानंदांची समाधी आहे. त्यांचे शिवभारत हस्तलिखित रूपात राहिले होते. १९२७ मध्ये स. म. दिवेकरांनी ते छापून प्रसिद्ध केल्यावर ते सर्वांच्या हाती आले. ग्रंथ थोर असला तरी तो लोकांपर्यंत जाण्यासाठी खिळा आणि शाई लागली, हे आपण ध्यानात घ्यावे.

त्याच १९२७ सालची दुसरी घटना महाडची, आणि ती सर्वांत महत्त्वाची. दासबोधातील लेखनाचा उपदेश त्या काळच्या रूढीप्रमाणे ब्राह्मणास उद्देशून आहे. अक्षर त्या वेळी समाजातील थोड्यांच्या हाती होते. चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये केला होता, पण तो कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्यासमवेत आलेल्या हजारो लोकांनी तळ्याचे पाणी प्राशन केले, तेव्हा त्या ठरावाला अर्थ आला. त्यानंतर १४ दिवसांनी, ३ एप्रिल १९२७ रोजी, बाबासाहेबांचे 'बहिष्कृत भारत' हे पाक्षिक सुरू झाले. पाण्याच्या हक्कापाठोपाठ अक्षराचा हक्क आला. अक्षर सर्वांचे आहे हा धडा महाडने देशाला दिला. मग अक्षर सर्वांना वाचता यावे, ही जबाबदारी महाडकरांनी इतरांआधी उचलावी, अशी अपेक्षा केल्यास ती गैर ठरू नये.

खिळ्यापासून पडद्यापर्यंत

आता या विद्येच्या अंतरंगाविषयी थोडे सांगतो. कारण माझ्या विद्यार्थिनीला नेमके हेच भुरळ घालते.

इंग्रजी छापण्यास मोठी व लहान मिळून ५२ अक्षरे, अंक आणि विरामचिन्हे पुरतात. देवनागरीत काना, मात्रा, वेलांटी, उकार, रफार आणि जोडाक्षरे धरून शेकडो खिळे लागत. त्यामुळे जुळारीला अनेक खणांच्या पेट्यांपुढे उभे राहून काम करावे लागे. मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी १८३१ मध्ये मराठी पंचांग छापले ते शिळाछापावर. पुढे जावजी दादाजी यांनी १८६४ मध्ये खिळे ओतण्याचा कारखाना आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला. त्यांचे सहकारी राणोजी रावजी आरू यांनी पोलादाच्या ठशांवर कोरलेली अक्षरे इतकी सुडौल होती की, निर्णयसागरचे टाइप हा देवनागरी मुद्रणाचा आदर्श ठरला. पोलादावर अक्षर उलटे कोरावयाचे, त्याचा ठसा तांब्यात घ्यावयाचा, त्या साच्यात शिसे ओतावयाचे, आणि मग कोठे एक खिळा तयार व्हावयाचा. असे शेकडो खिळे एकाच वळणाचे दिसले पाहिजेत, ही खरी परीक्षा असे.

आपल्या राज्य शासनाचाही या कामात वाटा आहे. शासकीय मुद्रण विभागाचे संचालक राहिलेले बापूराव नाईक यांनी देवनागरी मुद्राक्षरांचा तीन खंडांचा ग्रंथ लिहिला. तो १९७१ मध्ये भाषा संचालनालयाने प्रसिद्ध केला. एका शासकीय अधिकाऱ्याने आपल्या खात्याच्या कामाकडे किती खोलवर पाहावे, याचे ते उदाहरण आहे.

संगणक आला आणि प्रारंभी अडचण वाढली. प्रत्येक कंपनीने मराठी अक्षरे इंग्रजी अक्षरांच्या जागी आपापल्या मर्जीने बसवली. एका कार्यालयात टंकलिखित केलेले पत्र दुसऱ्या कार्यालयात उघडले की, पडद्यावर अर्थहीन चिन्हांची रांगोळी दिसे. आपल्यापैकी अनेकांनी हा अनुभव घेतला असेल. १९९१ मध्ये भारतीय लिप्यांसाठी इस्की हे मानक ठरले आणि त्याच वर्षी युनिकोड या जागतिक प्रणालीच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीला स्वतःची १२८ घरे मिळाली. आता 'क्ष' हे अक्षर संगणकात क, हलन्त आणि ष अशा तीन चिन्हांनी साठवले जाते आणि त्यांचा संयोग कसा दिसावा हे टंक, म्हणजे फाँट, ठरवतो. शब्द एकच राहतो, रूप बदलता येते. मुंबईच्या आयआयटीमधील औद्योगिक संकल्पन केंद्रात अध्यापन केलेले सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी घडवलेला 'मंगल' हा टंक विंडोज २००० या प्रणालीबरोबर असंख्य संगणकांवर पोहोचला. आज कार्यालयात आपण जे मराठी वाचतो, त्यातील पुष्कळशा मजकुरामागे या मराठी कलावंताचा हात आहे, याची आपल्याला कल्पनाही नसते.

पण टंक घडवणाऱ्याला मराठीची जाण हवी. 'दऱ्या' आणि 'दर्या' हे दोन शब्द पाहा. पहिला आपल्या सह्याद्रीचा, दुसरा अरबी समुद्राचा. दोहोंत फरक फक्त अर्ध्या र च्या आकाराचा. मराठीची गरज न ओळखता केलेल्या टंकात हा फरक बिघडला, तर आपल्या दऱ्याखोऱ्यांचा समुद्र व्हावयास वेळ लागणार नाही! पाकळीयुक्त 'ल' आणि देठयुक्त 'श' ही मराठीची वळणे राखण्यासाठी राज्य शासनाने २००९ मध्ये निर्णय काढला, तो याच जाणिवेतून. राज्य मराठी विकास संस्थेने मुंबई आयआयटीच्या सहकार्याने 'यशोमुद्रा' हा टंक तयार करून घेतला आणि तो सर्वांसाठी विनामूल्य उपलब्ध केला. मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेने घडवलेले 'मुक्त' आणि 'बलू' हे टंकही विनामूल्य मिळतात. म्हणजे चांगल्या अक्षरासाठी आज पंचायतीला एक रुपयाही खर्च करावा लागत नाही. लागते ती निवड करणारी नजर.

पंचायतीची दुसरी ओसरी

संकेतस्थळाकडे मी असे पाहतो. पंचायतीच्या कार्यालयाला एक ओसरी असते. तेथे गावकरी येतो, फलक वाचतो, कोणाला भेटावयाचे ते विचारतो. संकेतस्थळ ही पंचायतीची दुसरी ओसरी आहे. महाड-पोलादपूरची कितीतरी घरे ज्यांच्या कमाईवर चालतात, ते चाकरमानी मुंबईत, सुरतेत किंवा आणखी दूर असतात. त्यांच्यासाठी तर ती पहिलीच ओसरी होय.

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत माझी विद्यार्थिनी गावी आली, तेव्हा तिने अभ्यासाचा भाग म्हणून एक प्रयोग केला. पाणीपट्टी भरण्यासंबंधीची एकच सूचना तिने तीन प्रकारे मोबाइलवर मांडली आणि आपल्या आजीच्या हाती दिली. पहिला प्रकार म्हणजे टंकलिखित कागदाचा काढलेला फोटो. आजीने तो दूर धरला, जवळ धरला आणि बाजूला ठेवला. दुसऱ्यात मजकूर स्वच्छ होता, पण सुरुवात "उपरोक्त संदर्भीय विषयान्वये" अशी होती. आजी पहिल्याच शब्दाशी थांबली आणि म्हणाली, "ह्ये कुनाचं नाव गं?" तिसऱ्या प्रकारात पहिल्या ओळीत काय करावयाचे, दुसरीत कोणत्या तारखेपर्यंत, तिसरीत कोठे, आणि त्याखाली नियमाचा आधार, असा क्रम होता. अक्षर मोठे आणि ओळींत मोकळी जागा. आजीने तो चष्मा पुसून सावकाश, पण शेवटपर्यंत वाचला.

या प्रयोगातून तिने जे निष्कर्ष काढले, ते मी आपणापुढे ठेवतो. कारण ते आपल्या उपयोगाचे आहेत.

पहिला, फोटो म्हणजे मजकूर नव्हे. फोटोतील अक्षर शोधता येत नाही, ते मोठे केले तर फुटते, आणि दृष्टिहीन व्यक्तीला मजकूर वाचून दाखवणाऱ्या संगणकप्रणालीला ते सहसा वाचता येत नाही. शिवाय ते जड असते. युनिकोडमध्ये मराठीचे एक चिन्ह साठवावयास ३ बाइट लागतात. अडीच हजार चिन्हांची सूचना म्हणजे सुमारे साडेसात किलोबाइट. त्याच कागदाचा मोबाइलवर काढलेला फोटो दोन-तीन मेगाबाइटचा, म्हणजे शेकडो पटींनी जड. ज्या वाडीत मोबाइलला जेमतेम एक रेघ दिसते, तेथे पहिली सूचना पोहोचते आणि दुसरी वाटेतच अडकते. पावसाळ्यातल्या रात्री हा फरक कोणालाही क्षुल्लक वाटणार नाही.

दुसरा, देवनागरीला डोक्यावर आणि पायाखाली जागा लागते. शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, अनुस्वार. खाली उकार आणि जोडाक्षरांचे पाय. इंग्रजीसाठी ठरवलेले ओळींतले अंतर मराठीला तसेच लावले, तर वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत घुसतो. संकेतस्थळ करताना हे अंतर एका आकड्याने ठरवता येते. इंग्रजीला जेवढे पुरते त्याहून ते थोडे अधिक ठेवावे. तिने हे मला सांगितले तेव्हा मी तिला शिवथरघळीची आठवण करून दिली. ती हसली आणि म्हणाली, "सर, म्हणजे आमच्या अभ्यासक्रमात हे साडेतीनशे वर्षे उशिरा आलं."

तिसरा, रंग शोभेसाठी निवडू नये. पिवळ्यावर पांढरे किंवा लालवर निळे अक्षर उत्सवाच्या फलकावर शोभत असेल, पण वाचताना डोळा शिणतो. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातील प्रमाण किमान ४.५ : १ असावे, असे संकेतस्थळांसाठीची जागतिक मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. पांढऱ्यावर काळे ही आपली जुनी रीत या कसोटीला सहज उतरते.

चौथा, आणि माझ्या मते मुख्य. मांडणी म्हणजे वाचणाऱ्याच्या प्रश्नांचा क्रम. त्याला आधी काय हवे ते आधी सांगावे. ही कला अक्षराबरोबर माणसाची ओळख मागते.

कायद्याचीही हीच अपेक्षा आहे. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या चौथ्या कलमात स्वतःहून माहिती प्रसिद्ध करण्याचे कर्तव्य सांगितले आहे आणि ती देताना स्थानिक भाषा व त्या भागातील सर्वांत परिणामकारक पद्धत विचारात घ्यावी असेही म्हटले आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ प्रमाणे सेवा, त्यांची मुदत आणि जबाबदार अधिकारी यांची माहिती फलकावर लावावयाची असते. फलक लावला की अक्षरशः पालन झाले. तो वाचता आला की खरे पालन झाले.

आपण काय करू शकतो

येथे माझी एक चूक मला सांगितली पाहिजे. पुष्कळ वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एक मुलगा होता. बाजारातल्या दुकानांच्या पाट्या तो शाळा सुटल्यावर रंगवी. त्याच्या 'श्री'चे वळण मला आजही आठवते. मी त्याला सांगितले, "हे नाद सोड, गणिताकडे लक्ष दे." त्याने सोडले. गणितही जमले नाही आणि हात होता तोही गेला. त्या वेळी मला हा नाद वाटला, कारण या कौशल्याचे पुढे काय होते ते मलाच ठाऊक नव्हते. आज शिक्षकांपाशी ती सबब उरलेली नाही.

शासकीय रेखाकला परीक्षांत, एलिमेंटरी व इंटरमिजिएटमध्ये, अक्षरलेखनाला फार पूर्वीपासून स्थान आहे. दहावीच्या वाढीव गुणांसाठी मुले या परीक्षांना बसतात, ते ठीक. परंतु त्यांतून ज्याचा हात आणि डोळा वेगळा दिसेल, त्याला पुढची वाट दाखवावी. बारावीनंतर उपयोजित कलेची पदवी घेता येते. त्यासाठी राज्याची प्रवेश परीक्षा असते. मुंबईचे सर ज. जी. उपयोजित कला महाविद्यालय हे या क्षेत्रातील जुने विद्यापीठच म्हणावे. संकल्पनाच्या पदवीसाठी यूसीड ही परीक्षा मुंबई आयआयटी घेते आणि बारावी कोणत्याही शाखेतून झालेल्या विद्यार्थ्याला ती देता येते. हे शिक्षण काही ठिकाणी महाग आहे, हे मी लपवीत नाही. म्हणूनच पालकांना शिष्यवृत्त्यांची माहिती वेळेवर मिळणे आवश्यक आहे.

नाटकांच्या जाहिरातींतील शीर्षकांतून कमल शेडगे यांनी मराठी अक्षराला चेहरा दिला. सुलेखनकार अच्युत पालव यांना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. वृत्तपत्रे, प्रकाशने, जाहिराती, मोबाइलवरील सेवा या सर्वांना मराठी अक्षर जाणणारे हात लागतात. तेव्हा अक्षरे काढून पोट भरते काय, याचे उत्तर "भरू शकते" असे आहे. सर्वांचेच भरेल असे नाही. पण ते कोणत्या विद्येत भरते?

पंचायतींना माझी सूचना साधी आहे. महत्त्वाची कोणतीही सूचना लावण्याआधी ती गावातील एका वृद्ध स्त्रीला आणि सातवीतल्या एका मुलाला वाचावयास द्यावी. दोघांना ती वाचता आली आणि काय करावयाचे ते सांगता आले, तरच ती लावावी. पावसाळ्यापूर्वी इशाऱ्याचा एक कायमचा नमुना तयार करून ठेवावा : धोका कोणता, निघावयाचे कोठे, कोणत्या वाटेने, दूरध्वनी कोणाला. अक्षर चार पावलांवरून वाचता येईल एवढे असावे आणि फलक डोळ्यांच्या उंचीवर असावा. सर्व मजकूर युनिकोडमध्येच टंकलिखित करावा. आणि आपल्या गावचा एखादा मुलगा किंवा मुलगी ही विद्या शिकत असेल, तर सुट्टीत तिला बोलावून आपला एक अर्ज, एक फलक, एक पान तिच्या हाती द्यावे. तिला अभ्यासाला खरे काम मिळेल आणि आपल्याला स्वच्छ फलक मिळेल. त्याचे योग्य मानधनही द्यावे. कौशल्य फुकट मागण्याची आपली सवय बरी नाही.

अधिकारी वर्गाला मी एवढेच विनवीन की, अर्जाचा नमुना मंजूर करताना नियमांबरोबर रकान्याची रुंदीही पाहावी. 'संपूर्ण नाव' लिहावयास दोन बोटांची जागा आणि 'कार्यालयीन उपयोगासाठी' अर्धे पान, अशी विभागणी असली की, ते पत्रक कोणासाठी आहे हे लोकांना न सांगता कळते.

मित्रहो, माझी विद्यार्थिनी शिक्षण संपवून पोलादपूरला परत येईलच असे मी म्हणत नाही. कदाचित ती मुंबईत राहील, कदाचित आणखी दूर जाईल. आपल्या डोंगरातून पिढ्यान्‌पिढ्या माणसे बाहेर गेली आणि त्यांनी मनिऑर्डरी पाठवल्या. हिने घडवलेले अक्षर मात्र मनिऑर्डरीचीही वाट पाहणार नाही. ते त्याच क्षणी तिच्या आजीच्या हातातल्या पडद्यावर उमटेल. तिच्या वडिलांना आता मी सांगेन की, तुमच्या मुलीने जे काम दहावीत भिंतीपुढे उभे राहून दिवसभर तोंडाने केले, तेच काम ती आता असे शिकते आहे की, पुन्हा कोणाला तसे उभे राहावे लागू नये.